जुनेराचं आयुष्य

घट बसायच्या आधी घरं झाडून निघतात, कपाटं रिकामी होतात आणि माळ्यावरची गाठोडी खाली येतात. तिथपासून दिवाळीपर्यंतचे दिवस म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणींची सुगी. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात असा एक सौदा अथपासून इतिपर्यंत पाहायला मिळाला. बोहारणीने पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि गाठोडं सोडलं. एकेक कपडा ती उजेडाकडे धरत होती. शर्टाची आधी कॉलर पाहायची, मग काख, मग बाहीची कड. पँट आली की ती उलटी करून गुडघा आणि बूड बघायचं, चेन दोनदा वरखाली करायची. टेरिकॉटचा एक सफारी तिने न उलगडताच बाजूला टाकला.

“काकू, एवढ्यावर डबा नाही यायचा. एखादी जीन टाका वरती.”

“अगं, ही साडी बघ की. दोनदा नेसली असेल फार तर.”

“साडी आता कोण नेसतं रोजची? पँटीला गिऱ्हाईक आहे.”

शेवटी एक जीन वर पडली आणि झाकणाचा डबा घरात गेला. पैशाची देवघेव अजिबात झाली नाही. बोहारणीची ही पारख मी मन लावून पाहत होते, कारण कपड्याचं आयुष्य अजून किती उरलंय हे या शहरात तिच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणणारी आपल्याकडची सगळ्यात जुनी व्यवस्था तिच्या डोक्यावरच्या पाटीत आहे. तिला कधी अनुदान मिळालं नाही आणि पर्यावरण दिनाच्या व्यासपीठावरही तिला कुणी बसवलं नाही.

बोहारीण एवढी कडक असते, कारण तिचं पुढचं गिऱ्हाईक तिच्याहून कडक असतं. तिने नेलेले कपडे धुतले जातात. तुटलेलं बटण लागतं, उसवलेली शिवण घातली जाते, इस्त्री फिरते. मग ते जुन्या बाजारात येतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत आणि तालुक्याच्या आठवडी बाजारांत पदपथावर चादर अंथरून बसलेल्या बायकांपुढे हेच ढीग असतात. बांधकामावरचे मजूर, हमाल, उसाच्या टोळीबरोबर फिरणारी माणसं हे कपडे घेतात आणि पुढची दोन-तीन वर्षं अंगावर काढतात. दिल्लीत रघुवीर नगरात असाच बाजार पहाट फुटायच्या आधी भरतो. तो चालवणारे बहुतेक लोक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाचे आहेत. जे अंगावर घालण्याजोगं उरत नाही त्यालाही वाट आहे. सुती चिंध्या गॅरेजमध्ये आणि छापखान्यात तेल-शाई पुसायला जातात. खऱ्या जरीच्या विटलेल्या साड्यांचे काठ-पदर जाळून त्यातली चांदी काढून घेतात, म्हणून तर ‘जुन्या जरीच्या साड्या’ अशी आरोळी अजून गल्लीत ऐकू येते. लोकरीचे आणि मिश्र धाग्यांचे कपडे पानिपतला पोचतात. तिथे ते फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्याची घोंगडी-ब्लँकेटं होतात. भूकंप-पुरानंतर छावण्यांतून वाटल्या जाणाऱ्या करड्या ब्लँकेटांपैकी कितीतरी याच धाग्याची असतात.

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे 78 लाख टन कापडी कचरा गोळा होतो आणि त्यातला निम्मा तुमच्या-माझ्या घरांतून निघालेला असतो. त्याच अहवालात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. यातला जवळजवळ 59 टक्के माल पुन्हा वापरात येतो किंवा त्याचा पुन्हा धागा होतो. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण फार खाली आहे. हा फरक आपल्याकडे कुणी पर्यावरणाचे धडे गिरवल्यामुळे पडलेला नाही. पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका आणि घासाघीस करून का होईना, पण त्यांच्या ओटीत गाठोडं टाकणाऱ्या गृहिणी, या दोघींच्या काटकसरीने तो पडला आहे. उरलेले 41 टक्के मात्र जाळले जातात, पुरले जातात किंवा अगदी हलक्या कामात संपतात. हा आकडा वाढत गेला तर आपली ही जुनी शिदोरी लवकरच संपेल.

काटकसर म्हटलं की आपल्याला पैसे आठवतात. पण कपड्याची किंमत बिलावर छापलेल्या आकड्यापाशी संपत नाही. लीव्हाईज कंपनीने 2015 मध्ये आपल्याच एका जीनचा पाण्याचा हिशेब जाहीर केला. कापूस पेरण्यापासून पँट टाकून देईपर्यंत एका पँटीमागे 3,781 लिटर पाणी खर्ची पडतं. त्यातलं दोन तृतीयांशाहून थोडं जास्त एकट्या कापसाच्या शेतात लागतं. घरच्या धुण्याला एक चतुर्थांशाहूनही कमी. म्हणजे पँट नळाखाली कितीही जपून धुतली, तरी तिच्यावरचं बहुतेक पाणी ती दुकानात येण्यापूर्वीच खर्च झालेलं असतं. ते परत मिळवता येत नाही. फक्त पँट चारच्या ऐवजी आठ वर्षं घातली, तर ते पाणी दुप्पट दिवसांवर वाटलं जातं, आणि मधल्या काळात घेतली असती ती दुसरी पँट जन्मालाच येत नाही.

विदर्भातला कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. त्यामुळे तिथे सिंचनाचं पाणी फारसं लागत नाही, पण हा हिशेब नुसत्या पाण्याचा नाही, फवारणीचाही आहे. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्या वेळी बातम्यांत औषधाची नावं होती, पंपांचे प्रकार होते, मास्क न लावणाऱ्या मजुरांवर ठपका होता. त्या कापसाचं पुढे काय होतं, एकदा घालून कपाटात कोंबलेल्या किती टी-शर्टांत तो जातो, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. मला तो विचारावासा वाटतो. ज्या बोंडासाठी माणूस विष अंगावर घेतो, त्याचा धागा दोन धुण्यांत फेकून देणं हा त्याच्या कष्टाचा अपमान आहे.

आणि पॉलिस्टर? ते खनिज तेलातून येतं. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा त्याचा आहे. दर धुण्याला त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू पाण्याबरोबर गटारात, नदीत आणि शेवटी समुद्रात जातात. एलन मॅकआर्थर फाउंडेशनने 2017 मध्ये अंदाज मांडला होता, त्यानुसार अशा तंतूंचं वर्षाला सुमारे पाच लाख टन ओझं समुद्रात पडतं. त्याच अहवालातल्या आणखी दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. पंधरा वर्षांत एक कपडा सरासरी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण 36 टक्क्यांनी घटलं. आणि कपड्यासाठी वापरलेल्या मालापैकी पुन्हा नवा कपडा होण्यासाठी परत येणारा माल एक टक्क्याहूनही कमी. दुकानाच्या दारात ‘जुने कपडे इथे टाका, रिसायकल करू’ अशी पेटी दिसली की हा एक टक्का आठवावा. पेटीत टाकलेला शर्ट पुन्हा शर्ट होईल ही आशा फार बारीक आहे. शर्ट शर्ट म्हणून राहण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे आपलं अंग.

ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने 2012 मध्ये हेच आकड्यांत बसवलं होतं. कपड्याचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढवलं तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचरा हे तिन्ही भार 20 ते 30 टक्क्यांनी हलके होतात. फक्त नऊ महिने! आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्या चकित झाल्या असत्या. नऊ महिन्यांत तर त्यांचं लुगडं नुकतं कुठे मऊ पडायला लागलेलं असायचं.

लुगड्याची ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण काटकसर म्हणजे मन मारून जगणं असा जो समज झाला आहे तो ती ऐकली की दूर होतो.

नऊवारी लुगडं विरायला लागतं ते मधल्या पट्ट्यात, बसायच्या जागी. काठ आणि टोकं तोवर धड असतात. मग लुगड्याला दंड घालायचा. विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि धड असलेली दोन टोकं आडवी शिवून एक करायची. शिवण निऱ्यांत किंवा ओच्यात दडेल अशा बेताने नेसायचं. कधी दोन लुगड्यांच्या धड भागांचं मिळून एक व्हायचं. दंड घातलेलं लुगडं घरात, शेतात आणखी वर्ष-दोन वर्षं चाले. त्यानंतर त्याचे धडपे होत. त्यातून लेकीचं परकर-पोलकं निघे. उरलेल्याची बाळाला दुपटी आणि बाळोती, कारण तान्ह्या अंगाला नवं कापड बोचतं, शंभर धुण्यांतून आलेलं बोचत नाही. बाळंतिणीच्या खोलीत कोरं कापड नकोच असायचं. दुपटी विटली की हात पुसायचं फडकं, मग पायपुसणं, मग चुलीजवळ धरायला बोळा, मग जमीन सारवायचं पोतेरं. पोतेरं झिजून संपलं की उकिरड्यावर जाई आणि पुढल्या वर्षी खताबरोबर शेतात पसरलं जाई. कापसाचा धागा कापसाच्या मातीत परत गेला. या साऱ्या प्रवासात कचरा नावाची वस्तू कुठेच तयार झाली नाही.

आणि गोधडी. उन्हाळ्यात शेतातली कामं संपली की पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत अजूनही अंगणात, देवळाच्या ओवरीत गोधड्या घालायला बायका बसतात. माण-खटावकडे हिला वाकळ म्हणतात. खाली एक धड लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर धोतराचे, शर्टांचे, बनियनचे तुकडे, जिथे पातळ वाटेल तिथे आणखी एक. हाताने थोपटत सुरकुती काढायची आणि वरून दुसरं लुगडं. कड आत दुमडून धावदोरा घालायला सुरुवात होते ती काठाकडून. चारी बाजूंनी चौकोन आत आत येत जातो. समोरासमोर बसलेल्या दोघी मधल्या जागेकडे सरकतात. दोन ओळींमध्ये अंगठ्याएवढं अंतर. टाका खालपर्यंत गेला की नाही हे बाई बघत नाही, खाली घातलेल्या डाव्या हाताच्या बोटाला सुईचं टोक टोचलं की तिला ते कळतं. त्या बोटावर म्हणून घट्टा असतो. गोधडी वापरून वरचं कापड फाटलं, तर ती टाकत नाहीत. तिच्यावर नवं जुनेर चढवून पुन्हा धावदोरा घालतात. जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. अशा एखाद्या जाडजूड वाकळेत घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे थरावर थर पडलेले असतात.

अशाच एका ओवरीत मी चौकशी केली, तेव्हा गोधडी घालणाऱ्या मावशींनी एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकवली. शहरातली माणसं गोधडीसाठी आईच्या साड्या घेऊन येतात, पण त्या साड्या सिंथेटिक असतात. थर एकमेकांवरून निसटतात, पांघरली की घाम जिरत नाही. “माया असती त्या साडीत, ताई, पण ऊब न्हाई,” असं त्या म्हणाल्या. नेमकं दुखणं इथे आहे. काटकसर करायची इच्छा असली तरी वस्तूनं साथ द्यावी लागते. सुती कापड शेवटच्या चिंधीपर्यंत कामाला येतं. पॉलिस्टरच्या फडक्याने सांडलेलं दूध पुसून बघा, ते फक्त ओट्यावर फिरतं. त्याचं पोतेरं होत नाही, वात होत नाही, काकडा होत नाही. पहिला मालक कंटाळला की त्याची वाट बहुधा खुंटते. तो सफारी बोहारणीने न उलगडता बाजूला टाकला तो यासाठीच.

शिवणीचंही तेच. शिंपी कपडा बेतताना शिवणीत बोटभर माया सोडायचा. मुलगा वाढला, पोट सुटलं, तर ती उसवून कपडा सैल करता यायचा. मुलींच्या फ्रॉकला खाली दाब असायचे, दर जूनमध्ये एक दाब सुटायचा. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा आणि मग तो धाकट्याला जायचा. आज तयार मिळणारा स्वस्त कपडा उलटा करून पाहा. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉकचे दोरे आणि त्याबाहेर कापड शून्य. तो सैल होऊच शकत नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा टॉप पहिल्या धुण्यात पिळवटतो, शिवण खांद्यावरून पोटाकडे फिरते. तो दुरुस्त करायला नेला तर शिंपी निम्मी किंमत सांगतो आणि तो तसं सांगतो यात त्याची काही चूक नाही. त्याच्या अर्ध्या तासाची मजुरी खरी आहे, खोटी आहे ती टॉपची किंमत. नदीत सोडलेलं रंगाचं पाणी, बारा-बारा तास मशीनवर वाकलेल्या मुलींच्या पाठी, फवारणीचं विष, यातलं काहीही त्या तीनशे रुपयांत धरलेलं नाही.

रफूची दुकानं आता शोधावी लागतात. लग्नाच्या शालूला खिळा लागला किंवा सुटाला उंदराने चावा घेतला, की तेवढ्यापुरती त्यांची आठवण होते. रफूवाला काम कसं करतो ते एकदा जवळ उभं राहून पाहावं. तो बाहेरचा दोरा वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून, तो एकेक धागा ओढून काढतो. भोकाच्या एका बाजूने उभे धागे भरतो, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून, असा विणत नेतो. म्हणजे भोकाएवढं कापड तो हातमागावाचून नव्याने विणतो. वेलबुट्टी किंवा चौकडा असेल तर रंगाप्रमाणे धागे बदलतो. काम झालं की अंगठ्याच्या नखाने घासून, दमट फडक्याने इस्त्री करून कपडा हातात देतो आणि दुरुस्ती कुठे होती ते आपल्याला शोधावं लागतं. एवढं कौशल्य असलेला माणूस जिन्याखालच्या टीचभर जागेत बसलेला असतो आणि त्याचा मुलगा हे काम शिकत नाही. शिकावं असं त्याला का वाटेल? आपण त्याच्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतो आणि मॉलमध्ये बिलाकडे न बघता कार्ड पुढे करतो.

काटकसरीच्या बाजूने बोलताना एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. कपड्यांत वाचलेल्या पैशांचं पुढे काय होतं? वर्षभर नवी खरेदी टाळून वीस हजार वाचवले आणि त्यातून विमानाने फिरून आलो, तर हवेत जायचा तो कार्बन गेलाच, फक्त वेगळ्या दाराने. इंग्लंडमध्ये विल्यम जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने 1865 मध्ये कोळशाबाबत हेच दाखवलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, म्हणून कोळसा वाचला नाही. वाफ स्वस्त पडू लागल्याने इंजिनं वाढली आणि कोळसा पूर्वीपेक्षा जास्त जळू लागला. आपल्याकडे 2015 पासून उजाला योजनेत 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. दर दिव्यामागे वीज वाचली हे निर्विवाद, आणि ते चांगलंच झालं. पण त्याच काळात शहरांतल्या इमारतींचे दर्शनी भाग रात्रभर उजळू लागले, पुलांना रंगीत पट्ट्या आल्या. दिवाळीची रोषणाई चार दिवसांवरून चार आठवड्यांवर गेली. वस्तू कमी खर्चात चालायला लागली की माणूस ती जास्त चालवतो. म्हणून नुसती बचत निसर्गाच्या कामी येईलच असं नाही. ‘एवढं पुरे’ असं कुठेतरी म्हणावं लागतं.

ते म्हणणारी माणसं आपल्यात होऊन गेली आहेत. पुण्यात गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमा साने बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यात राहिल्या आणि घरात त्यांनी वीज घेतली नाही. वनस्पतींवर आणि इतिहासावर त्यांनी पुस्तकं लिहिली ती दिवसाच्या उजेडात आणि दिव्याच्या प्रकाशात. पगार होता, शहराच्या मध्यवस्तीत घर होतं. वीज न घेणं ही त्यांची अडचण नव्हती, निवड होती. त्यांच्यासारखं जगा असं मी कुणाला म्हणणार नाही, मला स्वतःला ते जमणारं नाही. पण गरजेची रेघ माणसाला स्वतःच्या हाताने आखता येते, याचा एवढा जिवंत पुरावा शहराच्या ऐन गर्दीत होता, हे मला मोलाचं वाटतं.

या विचाराला अर्थशास्त्राचा पायाही महाराष्ट्रातच घातला गेला. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे होती. लंडनला हिशेबनीस झालेला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, सुटाबुटातला हा माणूस गांधीजींकडे आला आणि खादी घालून वर्ध्याला राहिला. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी जे लिहिलं, ते 1945 मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या नावाने प्रसिद्ध झालं. त्यांची मांडणी साधी आहे. जमिनीखालचा कोळसा, तेल, धातू यांचा साठा काढला तेवढा कमी होतो. ऊन, पाऊस, पीक, जनावर, माणसाचे हात यांचं चक्र मात्र फिरत राहतं. पहिल्यावर उभं केलेलं जगणं थोड्या दिवसांचं, दुसऱ्यावरचं टिकाऊ. हवामानबदल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. कापसाच्या त्या जिल्ह्यात राहणाऱ्या एका हिशेबनीसाने जमाखर्चाच्या वहीत निसर्गाचं खातं उघडलं होतं, आणि आपण ती वही नीट वाचलीच नाही.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. जुन्या काटकसरीचे गोडवे गाताना ती कुणाच्या जिवावर चालायची हे झाकून ठेवू नये. दंड घालणारी, गोधडी शिवणारी, बाळोती धुणारी, पोतेऱ्याने सारवणारी बाईच असायची. रात्री कंदिलाशी बसून ठिगळ लावताना तिचे डोळे जायचे. पुरुषाच्या वाट्याला फार तर ‘आमची ही फार संसारी’ एवढं कौतुकाचं वाक्य. ती काटकसर परत आणायची असेल, तर बटण लावायला घरातल्या मुलाला आधी शिकवावं. सुई-दोरा हे शाळेच्या कार्यानुभवात मुलगे-मुली दोघांनाही खरोखर हातात मिळावेत.

तसंच, ज्याच्या दोरीवर दोनच कपडे वाळतात त्याला काटकसर शिकवायला कुणी जाऊ नये. ऑक्सफॅमने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 1990 ते 2015 या काळात जगात जेवढा कार्बन हवेत सोडला गेला, त्यातला 52 टक्के एकट्या वरच्या 10 टक्के श्रीमंतांचा होता. खालच्या निम्म्या जगाचा वाटा 7 टक्के. काटकसरीचा उपदेश करायचा तर तो वरून सुरू व्हावा. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण, मीही त्यात आले, या देशाच्या मोजमापाने वरच्याच थरात मोडतात.

जुने कपडे देण्याचाही एक धर्म आहे. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेने तो नीट घालून दिला. गावकरी आपल्याच गावात विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक किंवा दान म्हणून घेत नाहीत. चादरी आणि साड्यांच्या धड सुती भागातून पाळीच्या दिवसांसाठी कापडी पट्ट्या शिवल्या जातात. या कामाबद्दल गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण स्वतः कुणाला घालायला धजणार नाही, असं कापड गाठोड्यात कोंबून ‘गरिबांना’ देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं.

मग करायचं काय? दिवाळीला नवा कपडा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. अभ्यंगस्नानानंतर नव्या कपड्याचा वास ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांच्याकडून ते हिरावून घेण्यात मला काही पुण्य दिसत नाही. घ्यायचा तर एक घ्या, पण सुती घ्या, उलटा करून शिवणीत माया आहे का ते बघून घ्या. मापाचा मिळत नसेल तर शिंप्याकडे शिवा. चार स्वस्त कपड्यांच्या पैशांत एक चांगला येतो आणि तो तुमच्यानंतर बोहारणीच्या पाटीतही मानाने बसतो. घरातल्या मोठ्यांकडे दंड घालणं, धावदोरा, काज-बटण यातलं काही असेल तर ते दिवाळीच्या सुटीत शिकून घ्या, कारण ते शिकवणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. कपाटाच्या तळाशी जी चेन बिघडलेली, बाही उसवलेली, भोक पडलेली एखादी आवडती वस्तू पडून आहे, ती भाऊबीजेच्या आधी बाहेर काढा. शिंप्याकडे न्या, रफूवाल्याकडे न्या. तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या, आणि दुकानाचा पत्ता चार जणांना सांगा.